जानेवारी २०२२: परदेशातून पुण्यात येताय? कोविडची टेस्ट एअरपोर्टवर संपत नाही, आठव्या दिवशी संपते

आमच्याकडे २ जानेवारीला भाचा आला लंडनहून आणि तेव्हापासून रोज कुणाचा तरी फोन येतोय, अगं काय काय करावं लागतं, कुठला फॉर्म, किती पैसे, एअरपोर्टवर ठेवून घेतात का. एकेकीला सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतेय. हे जानेवारी २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात लिहिलंय, त्यामुळे ११ जानेवारी २०२२ पासून जे नियम लागू होते ते आणि त्यात २२ तारखेला झालेला एक बदल एवढंच धरलंय; नियम आणि दर तेव्हाचे, आत्ताचे नाहीत. नियम बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी आरोग्य मंत्रालयाच्या साईटवर एकदा बघून घ्याच.

पहिल्यांदाच येणाऱ्यांचा एक घोळ असतो तो आधी सांगते. त्यांना वाटतं एअरपोर्टवर नाकात काडी घातली, निगेटिव्ह आलं, सुटलो. नाही हो. तो निगेटिव्ह त्या घटकेचा असतो. मूग भिजत घातले की लगेच मोड दिसतात का, तसंच आहे हे, विमानात किंवा दुबईच्या ट्रान्झिटमध्ये लागण झाली असेल तर उतरल्या उतरल्या काहीच दिसणार नाही, ओमायक्रॉनला, म्हणजे कोविडच्या तेव्हाच्या नव्या प्रकाराला, दिसायला साधारण दोन-चार दिवस लागतात, आधीच्या व्हायरसला पाचेक दिवस लागायचे, कुणाकुणाला तर चौदापर्यंत. म्हणून आठव्या दिवसाची टेस्ट, आणि ती करायला तुमच्या मागे कुणी काठी घेऊन लागत नाही, त्यामुळे नेमकी तीच राहते.

निघायच्या आधी

एअर सुविधा नावाचं सरकारी पोर्टल होतं, दिल्ली एअरपोर्टच्या साईटवर, तिथे सेल्फ डिक्लरेशनचा फॉर्म भरायचा. मागच्या चौदा दिवसांत कुठे कुठे होतात ते लिहायचं, पासपोर्ट अपलोड करायचा आणि आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट अपलोड करायचा. रिपोर्ट ७२ तासांच्या आतला लागायचा आणि हे तास मोजायचे स्वॅब घेतला तिथपासून, रिपोर्ट हातात पडला तिथपासून नाही. सुट्ट्यांच्या दिवसात तिकडच्या लॅब रिपोर्ट द्यायला वेळ लावतात, त्यामुळे फार कट टू कट करू नका आणि फार आधीही करू नका.

फॉर्ममध्ये दोन गोष्टी लोक गाढवासारख्या भरतात, आमच्या भाच्याने पण भरल्या. एक पत्ता, दुसरा फोन नंबर. पासपोर्टवरचा पत्ता टाकायचा नसतो, सात दिवस जिथे राहणार तो टाकायचा. आणि नंबर इथला, वाजणारा, उचलला जाणारा. भाचेसाहेबांनी पत्ता टाकला सदाशिव पेठेतला आणि नंबर टाकला आईचा, आणि राहायला आले आमच्याकडे कोथरूडला. चौकशीचा फोन गेला माझ्या ताईला, ती सत्तरीची, घाबरून म्हणाली "तो इथे राहतच नाही हो," आणि फोन ठेवून दिला! पोरगा फरार आहे असंच वाटलं असणार त्यांना. निस्तरायला दोन दिवस गेले.

सीट नंबर खरा टाका. विमानात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर त्याची रांग, पुढच्या तीन आणि मागच्या तीन रांगा हे सगळे कॉन्टॅक्ट धरायचे आणि त्यावरून तुम्हाला फोन यायचा, तेव्हा मध्येच सीट बदलून बसला असाल तर तेही लक्षात ठेवा.

मग तुमचा देश सरकारच्या 'ॲट रिस्क' म्हणजे जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत आहे का ते बघायचं. जानेवारी २०२२ मध्ये त्यात यूके आणि अख्खा युरोप होता, दक्षिण आफ्रिका, केनिया, नायजेरिया, हाँगकाँग, न्यूझीलंड वगैरे होते. अमेरिका नव्हती, यावरून माझ्या मैत्रिणीशी वाद झाला, पण नव्हती. यादीतल्या देशातून मुंबईला उतरणार असाल तर एअरपोर्टची टेस्ट आधीच ऑनलाईन बुक करावी लागायची, हे २० डिसेंबर २०२१ पासून मुंबई-दिल्लीसकट सहा एअरपोर्टना लागू झालं होतं.

उतरल्यावर

आपल्या लोहगावला परदेशातून थेट येणारी विमानं अगदी मोजकी, त्यामुळे बहुतेक पुणेकर मुंबई एअरपोर्टच्या टी-टूला (टर्मिनल दोनला) उतरतात. सगळ्यांचं थर्मल स्क्रीनिंग होतं. ॲट रिस्कवाल्यांनी स्वॅब द्यायचा, पैसे स्वतःचे, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिथेच बसायचं. बाकीच्या देशांतल्या लोकांपैकी विमानातल्या दोन टक्क्यांना रँडम उचलायचे, त्यांनी सँपल देऊन निघून गेलं तरी चालायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना टेस्ट नव्हती, पण लक्षणं दिसली तर करायचे.

साधी आरटी-पीसीआर स्वस्त पण रिपोर्टला सहा-आठ तास, आणि रॅपिड पीसीआर तास-दीड तासात पण चांगलीच महाग (डिसेंबर २०२१ मध्ये ४५०० वरून ३९०० केली होती तेव्हा त्याला पण लोक स्वस्त म्हणत होते, काय बोलायचं). सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर मुकाट रॅपिड करा. चार्जर, पाण्याची बाटली, थोडा खाऊ हँडबॅगेत वरच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

मुंबई ते पुणे

यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहिते. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले दोन पेशंट सापडले ते पुण्यातलेच, दुबईहून आलेलं जोडपं, नायडू हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी कोण कोण पॉझिटिव्ह आलं तर त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि ज्या टॅक्सीने ते मुंबईहून पुण्याला आले तिचा ड्रायव्हर. तीन-साडेतीन तास बंद काचांच्या गाडीत बसल्यावर दुसरं काय होणार! तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं, आता माहिती आहे.

तर शेअर टॅक्सी नको, बस नको. घरचं कुणी घ्यायला जात असेल तर एकट्यानेच जावं, "चला सगळेच जाऊ, सोन्याला सरप्राईज देऊ" हा प्रकार नको. प्रवाशाने मागे बसायचं, दोघांनी एन-९५ लावायचा, एसी बंद आणि समोरासमोरच्या दोन काचा चार-चार बोटं उघड्या. एक्स्प्रेसवेवर वारा कानात घुसतो, बोलणं ऐकू येत नाही, पण ते बरंच आहे. फूड मॉलला उतरून वडापाव खायचा नाही. मी यांच्याबरोबर थर्मासमध्ये चहा आणि गुळपोळ्या दिल्या होत्या, भाच्याने गाडी कडेला घ्यायला लावून बाहेर उभं राहून खाल्ल्या, मास्क काढायचाच तर उघड्यावर.

सात दिवस कुठे राहायचं

११ जानेवारीपासून देश कुठलाही असो, एअरपोर्टवर टेस्ट झालेली असो नसो, सात दिवस घरी क्वारंटाईन सगळ्यांना होतं. तेव्हा घर निवडताना माया बघू नका, संडास-बाथरूम बघा. ताईचा वाडा मोठा आहे पण सगळ्यांना मिळून एकच संडास आणि तोही मागच्या अंगणात, मेव्हण्यांना शुगर आणि बीपी दोन्ही, म्हणून आम्ही ठरवलं की आमच्या फ्लॅटमधली मागची खोली द्यायची, बाथरूम आतच आहे आणि खिडकी मोठी आहे. ताई चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, मुलगा दोन वर्षांनी येतोय आणि मावशीकडे उतरतोय म्हणजे काय.

आमची पद्धत अशी. दाराबाहेर एक लाकडी स्टूल. मी ताट ठेवायचं, दार वाजवायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं, मग तो दार उघडणार. ताट-वाटी त्याने आतच घासायची. मास्क, टिश्यू वगैरे कागदी पिशवीत घालून तीन दिवस आतच ठेवायचे आणि मग कचऱ्यात द्यायचे, म्हणजे कचरा उचलणाऱ्या ताईंना धोका नको. पहिल्या रात्री स्टुलावर वरण-भात, लिंबू, तूप ठेवलं आणि आतून नुसता वास घेतल्याचा आवाज आला, मग म्हणाला "मावशी, वास येतोय गं!" आनंद तुपाचा होता की कोविड नसल्याचा ते त्यालाच माहीत.

सोसायटीवाले वॉचमनकडून नोटीस लावतात, लिफ्टमध्ये फ्लॅट नंबर लिहून. आमच्याकडेही लावली. मी काढायला लावली, फ्लॅट नंबर लावायचं काही कारण नाही, सेक्रेटरींना स्वतः फोन करून सांगितलं की असं असं आहे, तो बाहेर पडणार नाही, कामवाल्या मावशींना मी सुट्टी दिलीय, पगारी. आपण आधी सांगितलं की लोक बरे वागतात, लपवलं की मग जिन्यात कुजबुज. आणि २०२० ची आठवण काढा, तेव्हा तर डाव्या हातावर होम क्वारंटाईनचा शिक्का मारायचे निवडणुकीच्या शाईने. कायदा १८९७ चा, पुण्या-मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. त्या वेळी सोजीर घरात घुसून माणसं बाहेर काढायचे आणि मग रँडचं काय झालं ते आपल्याला माहितीय. त्यामानाने २०२२ मध्ये दारात यायची ती मास्क लावलेली आशाताई आणि तीही विचारायची "ताप आहे का हो?" एवढंच. तिच्याशी सरळ बोला.

तुम्ही कुणाच्या हद्दीत

बाहेरच्यांना हे कळत नाही. पुण्यात राहतो म्हणजे पीएमसीच (पुणे महापालिकाच) असं नाही. वाकड, पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवड. हिंजवडी ना हे ना ते, तिथे ग्रामपंचायत, म्हणजे जिल्हा परिषदेची आरोग्य यंत्रणा. कॅम्प आणि खडकीत कँटोन्मेंट बोर्डाचा भाग. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही २०२१ च्या जून अखेरीला पीएमसीत आली, तिथले लोक तेव्हा अजून गोंधळलेले असायचे. आपली हद्द कुठली ते कळलं की आपलं क्षेत्रीय कार्यालय किंवा आरोग्य केंद्र शोधून स्वतःच फोन करून सांगा की आम्ही आलोय, या तारखेला उतरलो. काही अडलं तर केंद्राची १०७५ हेल्पलाईन होती.

ही ट्रॅकिंगची भानगड उगाच नाहीये. ५ डिसेंबर २०२१ ला पिंपरी-चिंचवडमध्ये सहा जणांना ओमायक्रॉन असल्याचं निष्पन्न झालं, त्यात नायजेरियातल्या लागोसहून भावाला भेटायला आलेली बाई, तिच्या दोन मुली आणि मग भाऊ आणि त्याच्या मुली. ती आली होती २४ नोव्हेंबरला. म्हणजे घरातल्या घरात किती पटकन पसरतं बघा. त्याच दिवशी पुण्यात एक सापडला तो फिनलंडला जाऊन आलेला.

आठवा दिवस

मोजायचं कसं यावरून घरोघर वाद. आम्ही असं केलं: उतरला तो दिवस धरायचाच नाही, दुसऱ्या दिवसापासून एक. २ तारखेला पहाटे उतरला, तर १० ला टेस्ट. असं धरलं की सात दिवस पूर्ण घरात निघतात आणि कुणी शंका काढत नाही. मध्ये घरचं किट वापरून बघायला हरकत नाही, आपल्या पुण्याच्याच कंपनीचं कोविसेल्फ तेव्हा २५० रुपयांना मिळायचं, पंधरा मिनिटांत कळतं, वीस मिनिटांनंतर आलेली रेघ धरायची नाही. पण ते निगेटिव्ह आलं म्हणून आरटी-पीसीआर टाळायची नाही. आमच्याकडे चौथ्या दिवशी किट निगेटिव्ह होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टेस्ट कुठे? पालिकेच्या स्वॅब सेंटरवर फुकट व्हायची पण तेव्हा रांगा होत्या आणि क्वारंटाईनमधल्या माणसाने रांगेत उभं राहायचं म्हणजे जे टाळायचं तेच करायचं. घरी बोलवा. खासगी लॅबचे दर राज्य सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवून दिले होते, सेंटरवर जाऊन दिलं तर ३५०, हॉस्पिटल किंवा लॅबमध्ये ५००, घरी येऊन ७००. यापेक्षा जास्त कुणी मागितलं तर बिल मागा, आवाज लगेच खाली येतो.

१० तारखेला सकाळी लॅबचा पोरगा आला, पीपीई किट आमच्या जिन्यातच घातलं, घाम गळत होता बिचाऱ्याचा. भाच्याला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं, मान मागे, आधी घशाला काडी, मग नाकात, पार आत, फिरवली आणि पाच-सहा सेकंद ठेवली. डोळ्यात पाणी येतं, शिंका येते, दुखत नाही. मग काडी ट्यूबमध्ये मोडून टाकली, झाकण, त्यावर स्टिकर. या स्टिकरपाशी थांबायचं! त्यावरचं नाव वाचायचं. आमच्या लोकांच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं, आणि लॅबवाले लिहितात नुसतं नाव-आडनाव. आमच्याकडे तेच झालं, वर पासपोर्ट नंबरात एक आकडा चुकला. लॅबचं नाव घेत नाही, कामाचा ताण त्यांनाही असतो, पण रिपोर्ट दुरुस्त करून घ्यायला सोळा फोन लागले. नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, आणि रिपोर्टवर क्यूआर कोड आणि एसआरएफ आयडी (टेस्टच्या सरकारी फॉर्मचा नंबर), एवढं त्या पोरासमोरच तपासा.

रिपोर्ट ११ ला रात्री आला. पॉझिटिव्ह. सीटी २२.

एअरपोर्टला निगेटिव्ह, किट निगेटिव्ह, ताप नाही, वास जागेवर. आदल्या दिवशी घसा जरा खवखवत होता, त्याने माझ्या मिरचीच्या फोडणीवर ढकललं होतं. आणि सहाव्या दिवशी माझ्याशी भांडत होता की निगेटिव्ह आहे ना, मग एक तास आईला भेटून येतो, लांबून भेटेन. मी दाराबाहेरूनच सांगितलं, अरे आठ झाल्याशिवाय तू उंबरा ओलांडायचा नाहीस. तेव्हा रागावला होता.

पॉझिटिव्ह आलं तर

आधी सीटीचं सांगते कारण सगळे फोन करून "स्कोअर किती?" विचारतात. दुसऱ्या लाटेत जो स्कोअर म्हणायचे तो छातीच्या सीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी, जास्त म्हणजे वाईट. हा तो नाही. ही सीटी व्हॅल्यू म्हणजे मशीनला व्हायरस दिसायला किती फेऱ्या लागल्या ते, कमी आकडा म्हणजे सँपलमध्ये व्हायरस जास्त, ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरतात. आणि त्यावरून आजार किती मोठा ते ठरत नाही, त्यामुळे २२ ऐकून रडारड करू नका, ताईने केली.

२२ जानेवारीपासून परदेशातून आलेल्या पॉझिटिव्हला सेंटरमध्येच ठेवलं पाहिजे अशी सक्ती उरली नाही, सौम्य असेल तर घरीच. सँपल जिनोम सिक्वेन्सिंगला, म्हणजे व्हायरसचा प्रकार कुठला ते बघायला, जायचं, आपल्या शहरात एनआयव्ही, बीजे, एनसीसीएस, आयसर अशा सरकारी संस्थांत हे काम चालायचं, पण त्या रिपोर्टची वाट बघत बसू नका, ओमायक्रॉन निघालं काय किंवा डेल्टा निघालं काय, घरी करायचं ते तेच.

ते काय? दिवसातून तीन-चारदा ऑक्सिमीटर, नेलपेंट काढून, हात गरम करून. एका तासात तीनदा ९३ किंवा खाली दाखवलं, ताप १०० च्या वर तीन दिवस हटला नाही, धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात गडबड वाटली, की लगेच डॉक्टर. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना फोनवर विचारून. स्टेरॉईड स्वतःच्या मनाने बिलकुल नाही, आणि ते मोलनुपिराविर नावाचं औषध व्हॉट्सॲपवर फिरत होतं ते सरकारी प्रोटोकॉलमध्ये नव्हतं, मेडिकलवाल्याच्या मागे लागू नका. घरातल्या बाकीच्यांनी पण घरीच राहायचं, आम्ही दोघांनी टेस्ट केली, निगेटिव्ह आलो. स्टुलाची कृपा.

तेव्हाच्या नियमाने पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की संपलं, परत टेस्ट करायची गरज नाही, आणि करूच नका. मेलेल्या व्हायरसचे तुकडे कित्येक आठवडे नाकात सापडू शकतात, उगाच परत पॉझिटिव्ह येईल आणि परत जीव खाली-वर. पण ज्यांना परत जाताना ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट लागणार आहे त्यांनी याचा आधीच विचार करा, एअरलाईनला विचारा बरे झाल्याचं सर्टिफिकेट चालतं का, आणि रिटर्न तिकीट बदलता येईल असंच काढा.

निगेटिव्ह आलात तर काम सोपं, तो आठव्या दिवसाचा रिपोर्ट परत एअर सुविधावर अपलोड करायचा (हे लोकांना माहीतच नसतं) आणि पुढचे सात दिवस स्वतःवर लक्ष ठेवायचं. म्हणजे बाहेर पडता येतं, पण लग्नाच्या पंगतीत जाऊन बसायचं नसतं.

संक्रांत झाली दारातूनच, मी स्टुलावर तिळगूळ ठेवला, ताईने व्हिडिओ कॉलवर. १८ तारखेला तो सदाशिव पेठेत गेला आणि आता तिथून रोज फोटो पाठवतो की आईने काय काय केलं.

स्टूल अजून आत घेतलं नाहीये, ३० तारखेला नणंद येतेय शारजाहून. कॅलेंडरवर ७ फेब्रुवारीला लाल गोल केलाय, पत्ता आमचा आणि नंबर माझा टाकायला सांगितलाय, आणि फॉर्मचा स्क्रीनशॉट मागवून मी स्वतः वाचलाय.